‘कशापैकी?’ : मतसर्वेक्षणांच्या द्विमार्गी सारण्या आणि संभाव्यतेचे वाचन

प्रास्ताविक

मतसर्वेक्षण हा प्रकार आता केवळ निवडणुकांपुरता मर्यादित राहिलेला नाही. एखाद्या प्रकल्पाला स्थानिकांचा पाठिंबा आहे किंवा नाही, स्त्रियांच्या स्थानाविषयी समाजाची धारणा कोणती आहे, विद्यार्थी अध्यापनाविषयी समाधानी आहेत किंवा नाहीत, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे आज सर्वेक्षणांतून शोधली जातात. महाविद्यालयांतून पदवी व पदव्युत्तर स्तरावर जे प्रकल्प सादर होतात, त्यांतील मोठा भाग प्रश्नावली, टक्केवारी आणि सारणी यांवर उभा असतो. विषय मराठीचा असो, वाणिज्याचा असो किंवा अभियांत्रिकीचा, शेवटच्या प्रकरणात एक द्विमार्गी सारणी हमखास आढळते. आडव्या ओळींत उत्तरदात्यांचे गट, उभ्या स्तंभांत त्यांची मते आणि चौकटींत संख्या, असे तिचे स्वरूप असते.

सारणी तयार करणे सोपे आहे. तिचे वाचन तितकेसे सोपे नाही. एकाच सारणीतून तीन वेगवेगळ्या प्रकारच्या संभाव्यता निघतात. त्यांची परस्परांत सरमिसळ झाली की आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. ही सरमिसळ कोठे आणि कशी होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण आणि दोन वास्तव प्रकरणे विचारात घेतली आहेत. पहिले प्रकरण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) एका मतविषयक सारणीचे आहे. दुसरे मराठा आरक्षणाच्या निकालातील टक्केवारीच्या वादाचे आहे.

वेळणेश्वर आणि गुहागर तालुक्याच्या किनारपट्टीवर हा प्रश्न केवळ वर्गातला राहत नाही. अंजनवेलचा दाभोळ वीज प्रकल्प, माडबन-जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प (ज्याच्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द करण्याची घोषणा मार्च २०१९ मध्ये झाली) आणि २०२३ मधील बारसूचे आंदोलन, या प्रत्येक वेळी ‘लोकांचे मत’ हा युक्तिवादाचा मुख्य आधार होता. समर्थक आणि विरोधक दोघेही लोकमत आपल्या बाजूचे असल्याचे सांगत होते. अशा ठिकाणी ‘इतके टक्के लोक अनुकूल आहेत’ हे विधान केवळ माहिती देऊन थांबत नाही. त्यावर जमिनी आणि उपजीविका अवलंबून असतात. म्हणून ते विधान कोणत्या छेदावर उभे आहे, हे विचारणे अगत्याचे ठरते.

सारणीतील तीन संभाव्यता

विवेचनाच्या सोयीसाठी एक पूर्णतः काल्पनिक उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरील एका गावात प्रस्तावित प्रकल्पाविषयी २०० व्यक्तींचे मत विचारले, असे समजू. उत्तरदाते दोन गटांत विभागले आहेत : वर्षभर गावात राहणारे आणि नोकरीनिमित्त मुंबईत राहून सणाला गावी येणारे चाकरमानी.

| गट | अनुकूल | प्रतिकूल | अनिर्णीत | एकूण |
|---|---|---|---|---|
| गावात राहणारे | ३६ | ६६ | १८ | १२० |
| चाकरमानी | ४८ | २० | १२ | ८० |
| एकूण | ८४ | ८६ | ३० | २०० |

या २०० जणांतून एक व्यक्ती यादृच्छिक पद्धतीने निवडली, तर ती अनुकूल असण्याची संभाव्यता ८४/२००, म्हणजे ०.४२ आहे. ही सीमांत संभाव्यता होय. ती सारणीच्या कडेच्या बेरजांवरून मिळते. निवडलेली व्यक्ती गावात राहणारी आणि अनुकूल अशी दोन्ही असण्याची संभाव्यता ३६/२००, म्हणजे ०.१८ आहे. ही संयुक्त संभाव्यता होय. ती एका चौकटीवरून मिळते. येथवर दोन्हींचा छेद एकच आहे.

तिसरा प्रकार सशर्त संभाव्यतेचा असून गोंधळ तेथे सुरू होतो. व्यक्ती गावात राहणारी आहे हे आधीच ठाऊक असेल, तर ती अनुकूल असण्याची संभाव्यता ३६/१२०, म्हणजे ०.३० येते. याउलट व्यक्ती अनुकूल आहे हे आधीच ठाऊक असेल, तर ती गावात राहणारी असण्याची संभाव्यता ३६/८४, म्हणजे सुमारे ०.४३ येते. अंश तोच, ३६. छेद मात्र बदलला. पहिली ओळीची टक्केवारी आहे, दुसरी स्तंभाची. पहिली सांगते की दहा गावकऱ्यांपैकी तीन अनुकूल आहेत. दुसरी सांगते की समर्थकांमध्ये जवळजवळ निम्मे गावकरी आहेत. एखाद्या वृत्तपत्राने दुसरा आकडा घेऊन ‘४३ टक्के गावकऱ्यांचा पाठिंबा’ असा मथळा दिला, तर त्यातील एकही अंक खोटा नसेल, तरी विधान खोटे असेल.

अशा प्रसंगी मराठी भाषा आपल्या मदतीला येते, याची नोंद घ्यायला हवी. ‘पैकी’ हे शब्दयोगी अव्यय ज्या नामाला लागते, ते नाम छेदात जाते. ‘गावकऱ्यांपैकी अनुकूल’ म्हटले की १२० छेदात जातात. ‘अनुकूल असणाऱ्यांपैकी गावकरी’ म्हटले की ८४. ‘अनुकूल गावकरी ४३ टक्के’ किंवा ‘गावकऱ्यांचे समर्थन ४३ टक्के’ अशा शब्दरचनेत ‘पैकी’ गळून पडते आणि छेद अदृश्य होतो. विद्यार्थ्यांना सशर्त संभाव्यतेची चिन्हे शिकवण्याआधी प्रत्येक टक्केवारीचे वाक्य ‘पैकी’ घालून लिहावयास सांगितले, तर पुढील अनेक चुका आपोआप टळतील, असे वाटते.

‘किंवा’ या शब्दाचीही अशीच दक्षता घ्यावी लागते. व्यक्ती गावात राहणारी किंवा अनुकूल असण्याची संभाव्यता काढताना १२० आणि ८४ यांची थेट बेरीज केल्यास २०४ येतात, म्हणजे उत्तरदात्यांपेक्षा चार अधिक. दोन्हींत मोडणारे ३६ जण दोनदा मोजले गेल्याचा हा परिणाम आहे. ते एकदा वजा केले की १६८ उरतात आणि संभाव्यता ०.८४ येते. एकापेक्षा अधिक पर्याय निवडण्याची मुभा असलेल्या प्रश्नांच्या सारण्यांत हा दोष वारंवार आढळतो, कारण तेथे स्तंभ परस्परांना वगळणारे नसतात.

स्वातंत्र्याची कसोटी आणि तिच्या मर्यादा

मत आणि वास्तव्य हे परस्परस्वतंत्र असते, तर संयुक्त संभाव्यता दोन सीमांत संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी आली असती. येथे ०.६० गुणिले ०.४२ म्हणजे ०.२५२, प्रत्यक्षात ०.१८ आहे. स्वातंत्र्य गृहीत धरल्यास सुमारे ५० अनुकूल गावकरी अपेक्षित होते, मिळाले ३६. काय-वर्ग कसोटी लावल्यास मूल्य सुमारे २०.३ येते. स्वातंत्र्यमात्रा २ असताना पाच टक्के पातळीवरील निर्णायक मूल्य ५.९९ आहे. म्हणजे मत आणि वास्तव्य यांत संबंध आहे, असा निष्कर्ष निघतो.

बहुसंख्य प्रकल्प-अहवाल येथेच थांबतात. ‘संबंध सार्थ आहे’ एवढे वाक्य लिहून प्रकरण संपवले जाते. वस्तुतः काय-वर्ग मूल्य संबंध आहे एवढेच सांगते. तो कोणत्या दिशेचा आणि कोठे आहे, हे सांगत नाही. ते सशर्त संभाव्यताच सांगतात. गावकऱ्यांपैकी ३० टक्के आणि चाकरमान्यांपैकी ६० टक्के अनुकूल आहेत, हा आशय कसोटीच्या एका आकड्यात दिसत नाही. शिवाय अनिर्णीतांचा स्तंभ पाहावा. गावकऱ्यांपैकी १५ टक्के, चाकरमान्यांपैकीही १५ टक्के आणि एकूणांतही १५ टक्के अनिर्णीत आहेत. या स्तंभापुरते मत वास्तव्यापासून स्वतंत्र आहे आणि काय-वर्ग मूल्यात त्याचा वाटा शून्य आहे. सारणी बारकाईने न वाचल्यास हे तथ्य हाती येत नाही.

अनिर्णीतांना वगळण्याची प्रथा तर स्वतंत्र चिकित्सेचा विषय आहे. ‘मत व्यक्त करणाऱ्यांपैकी’ अनुकूल किती, असे विचारल्यास छेद २०० ऐवजी १७० होतो आणि ४२ टक्क्यांचे ४९.४ टक्के होतात. एकाही व्यक्तीने मत बदललेले नसते. अनिर्णीतांना वगळणे चूक नव्हे. वगळल्याचे न सांगणे ही चूक आहे. ज्या प्रश्नावर गावात उघड बोलणे अवघड असते, तेथे ‘सांगता येत नाही’ हे उत्तरही एक मतच असू शकते.

नमुन्याची रचना आणि एकूण टक्केवारी

याच सारणीतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवता येते. वरील सर्वेक्षण गणेशोत्सवात झाले, म्हणून नमुन्यात ४० टक्के चाकरमानी आले, असे समजू. तेच सर्वेक्षण फेब्रुवारीतील एखाद्या सोमवारी केले आणि नमुन्यात चाकरमानी केवळ १० टक्के आले, तर एकूण अनुकूलता ०.९० गुणिले ०.३० अधिक ०.१० गुणिले ०.६०, म्हणजे ३३ टक्के येईल. आणि ते मुंबईतील ग्रामस्थ मंडळाच्या मेळाव्याला जोडून केले व नमुन्यात चाकरमानी ७० टक्के झाले, तर एकूण अनुकूलता ५१ टक्के येईल. ३३, ४२ आणि ५१ : तीन सर्वेक्षणे, तीन मथळे, पहिल्यात अल्पमत आणि शेवटच्यात बहुमत. तरीही गावकऱ्यांपैकी ३० टक्के आणि चाकरमान्यांपैकी ६० टक्के हे प्रमाण कोठेही बदललेले नाही.

संभाव्यताशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर एकूण संभाव्यता ही सशर्त संभाव्यतांची भारित सरासरी असते. हे भार लोकसंख्येवरून यावयास हवेत; प्रत्यक्षात ते पुष्कळदा सर्वेक्षणाच्या सोयीवरून येतात. त्यामुळे गटनिहाय सशर्त संभाव्यता तुलनेने विश्वासार्ह, तर एकूण टक्केवारी अधिक नाजूक, असे साधारणपणे म्हणता येईल. प्रसिद्धी मात्र एकूण टक्केवारीलाच मिळते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत हा मुद्दा तात्त्विक नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. त्यांत ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ११२२ भरते. राज्यात ते ९२९ होते. पुरुषांचे मुंबईकडील स्थलांतर हे या विषमतेचे सर्वज्ञात कारण आहे. म्हणजे जिल्ह्यातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली व्यक्ती स्त्री असण्याची संभाव्यता सुमारे ०.५३ आहे. एखाद्या सर्वेक्षकाने बाजारपेठेत, बसस्थानकावर किंवा ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर उत्तरदाते गाठले आणि नमुन्यात स्त्रिया २० टक्के आल्या, तर त्याच्या सारणीतील सीमांत बेरजा जिल्ह्याच्या बेरजांशी कोणतेही नाते सांगत नाहीत. घरी असलेली, मासे वाळवणारी किंवा बागेत राबणारी स्त्री त्या सारणीत जवळजवळ नसतेच. गावाच्या भवितव्याविषयीचे ‘लोकमत’ तिच्याविना मोजले जाते, ही केवळ तांत्रिक त्रुटी मानता येणार नाही.

राष्ट्रीय सारणीचे चुकीचे वाचन

आता वास्तव सारणीकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मध्यवर्ती जबाबदारी मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. पाचव्या फेरीत देशभरात ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष यांच्या मुलाखती झाल्या. त्यातील एक प्रश्न निव्वळ मताचा आहे : पतीने पत्नीला मारणे कोणत्या परिस्थितीत समर्थनीय वाटते? सात कारणे वाचून दाखवली जातात; न सांगता घराबाहेर जाणे, घराची किंवा मुलांची आबाळ करणे, उलट बोलणे, शरीरसंबंधास नकार देणे, स्वयंपाक नीट न करणे, चारित्र्याविषयी संशय येणे आणि सासू-सासऱ्यांचा अनादर करणे. किमान एका कारणासाठी मारहाण समर्थनीय मानणाऱ्यांचे प्रमाण देशात स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आढळले. महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये ते सुमारे ४४ टक्के होते.

हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत आणि त्यांची चर्चा व्हावयासच हवी. परंतु त्यांच्या वाचनात चार प्रकारचे घोटाळे संभवतात.

पहिला घोटाळा छेदाचा. समजा, एखाद्याने ७,२४,११५ चे ४५ टक्के काढले. ३,२५,८५२ स्त्रिया आल्या. १,०१,८३९ चे ४४ टक्के काढले. ४४,८०९ पुरुष आले. दोन्ही आकडे एका द्विमार्गी सारणीत मांडून त्याने विचारले की, मारहाणीचे समर्थन करणाऱ्यांपैकी स्त्रिया किती? उत्तर येते ८८ टक्के. ‘मारहाणीच्या समर्थकांत दर दहांपैकी नऊ स्त्रिया’ असा निष्कर्ष या गणिताने सिद्ध झाल्यासारखा दिसतो. तो पूर्णपणे निराधार आहे. स्त्री-उत्तरदात्या पुरुषांच्या सातपट होत्या, कारण सर्वेक्षणाचा मुख्य विषय माता व बालक यांचे आरोग्य आहे आणि पुरुषांच्या मुलाखती सुमारे १५ टक्के कुटुंबांच्या उपनमुन्यातच घेतल्या गेल्या. हे प्रमाण समाजाने ठरवलेले नाही. आराखड्याने ठरवले आहे. लोकसंख्येत स्त्री-पुरुष जवळपास समसमान आहेत असे धरल्यास समर्थकांपैकी स्त्रियांचे प्रमाण ४५ भागिले ८९, म्हणजे सुमारे ५०.६ टक्के येते. ८८ आणि ५०.६ यांतील अंतर केवळ चुकीच्या छेदामुळे निर्माण झाले आहे.

येथे एक सर्वसाधारण नियम सांगता येतो. गटनिहाय नमुना आधीच ठरवून घेतला असेल, तर ‘गटापैकी मत’ ही संभाव्यता सारणीतून थेट काढता येते. ‘मतापैकी गट’ ही संभाव्यता मात्र लोकसंख्येतील गटांचे प्रमाण बाहेरून आणल्याशिवाय काढता येत नाही. बेझच्या सूत्राचा व्यवहारातील अर्थ नेमका हाच आहे.

दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. मारहाणीविषयीचा प्रश्न सर्व ७,२४,११५ स्त्रियांना विचारलेलाच नव्हता. स्त्रियांचे सबलीकरण, कौटुंबिक हिंसा इत्यादी विषय त्याच १५ टक्के कुटुंबांच्या उपनमुन्यापुरते होते. महाराष्ट्रात ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या; त्यांच्या १५ टक्के म्हणजे सुमारे पाच हजार. साधा यादृच्छिक नमुना मानला, तर ४४ टक्क्यांच्या अंदाजाची ९५ टक्के विश्वासमर्यादा ३३,७५५ वर सुमारे ०.५ टक्का बिंदू येते, पाच हजारांवर सुमारे १.४. प्रत्यक्षात नमुना समूहांतून घेतलेला असल्याने ती आणखी रुंद होते. मुखपृष्ठावरील मोठी संख्या प्रत्येक सारणीचा छेद असतेच असे नाही. म्हणून सारणीच्या शेवटच्या स्तंभात दिलेली उत्तरदात्यांची संख्या आधी वाचावी. या सर्वेक्षणाचा अहवाल ती संख्या नेमाने देतो, हे त्याच्या श्रेयाचे आहे. दोष पुष्कळदा ती न वाचणाऱ्यांचा असतो.

हाच हिशेब जिल्ह्यापर्यंत नेला, तर आणखी एक भ्रम दूर होतो. ३३,७५५ स्त्रिया ३६ जिल्ह्यांत समान वाटल्या, तर जिल्ह्यागणिक सुमारे ९४० येतात. त्यांच्या १५ टक्के म्हणजे सुमारे १४०. इतक्या नमुन्यावर विश्वासमर्यादा दोन्ही बाजूंना आठ टक्के बिंदूंहून अधिक होते. म्हणूनच या प्रश्नाचे आकडे जिल्ह्याच्या तथ्यपत्रकात दिले जात नाहीत. राज्याचे ४४ टक्के रत्नागिरीला किंवा गुहागर तालुक्याला लावून ‘आपल्याकडील स्त्रियांपैकी ४४ टक्के’ असे एखाद्या प्रकल्पात लिहिले गेले, तर त्याला या सारणीचा आधार नाही.

तिसरा घोटाळा ‘किमान एका’ या शब्दांचा. सात कारणे परस्परांना वगळणारी नाहीत. एकच स्त्री सातही कारणांना होकार देऊ शकते, तर दुसरी केवळ एका कारणाला. दोघी ४५ टक्क्यांत सारख्याच मोजल्या जातात. सात स्वतंत्र टक्केवाऱ्यांची बेरीज ४५ पेक्षा अधिक भरते, ती याच कारणाने. देशपातळीवर सासू-सासऱ्यांचा अनादर आणि घर-मुलांची आबाळ ही सर्वाधिक मान्य झालेली कारणे होती. म्हणजे समर्थनाचा मोठा भाग कुटुंबातील कर्तव्याच्या कल्पनेशी निगडित आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकाला ‘किमान एक’ या एकत्रित आकड्यापेक्षा कारणनिहाय वाचन अधिक उपयुक्त ठरावे.

चौथा घोटाळा दोन सारण्या जोडण्याचा. याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधीकाळी विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे नोंदवले. आता कोणी ०.४५ आणि ०.२९ यांचा गुणाकार करून ‘१३ टक्के स्त्रिया मारहाण सोसतात आणि तिचे समर्थनही करतात’ असे म्हटले, तर तेथे दोन गृहीतके न सांगता शिरली आहेत. एक, दोन्ही टक्केवाऱ्यांचा छेद एक आहे. तो एक नाही, कारण मताचा प्रश्न अविवाहित स्त्रियांनाही आणि पंधराव्या वर्षापासून होता. दोन, मत आणि अनुभव परस्परस्वतंत्र आहेत. हेच तर तपासावयाचे आहे. छेद एक मानला तरी केवळ दोन सीमांत संभाव्यतांवरून संयुक्त संभाव्यता ठरत नाही. ०.४५ आणि ०.२९ यांच्याशी सुसंगत अशी संयुक्त संभाव्यता शून्यापासून ०.२९ पर्यंत कोणतीही असू शकते. कडेच्या बेरजांवरून आतील चौकटी भरता येत नाहीत. त्यासाठी मूळ द्विमार्गी सारणीच हवी. समर्थन करणाऱ्या स्त्रियांनी हिंसा अधिक अनुभवली आहे की कमी, हा प्रश्न मानवी दृष्टीने अत्यंत गंभीर आहे. तो गुणाकाराने सुटत नाही.

छेदाची निवड : गणित की धोरण?

छेदाचा प्रश्न सर्वेक्षणांच्या बाहेर, न्यायालयातही कसा निर्णायक ठरतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मराठा आरक्षणाचा निकाल. निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालील राज्य मागासवर्ग आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये अहवाल सादर केला. शासकीय सेवेतील मराठा समाजाचा वाटा एकूण पदांच्या छेदावर मोजून तो लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कमी असल्याचे आयोगाने मांडले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२१ रोजी दिलेल्या निकालात हा छेद अमान्य केला. खुल्या प्रवर्गातून भरलेल्या पदांपैकी मराठा समाजाचा वाटा अ, ब, क आणि ड श्रेणींत अनुक्रमे ३३.२३, २९.०३, ३७.०६ आणि ३६.५३ टक्के भरतो आणि हे प्रतिनिधित्व पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, दोन्ही बाजूंच्या गणनेत अंश एकाच समाजाची कर्मचारीसंख्या होता. ‘एकूण पदांपैकी’ आणि ‘खुल्या पदांपैकी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळी येणारच. कोणता प्रश्न विचारणे उचित, हे गणित ठरवत नाही. ते कायदा, धोरण आणि न्यायबुद्धी यांनी ठरवावयाचे असते. गणिताचे काम इतकेच की विचारलेला प्रश्न उघड करणे. सारणीत छेद लपला, तर धोरणाचा निर्णय गणिताच्या वेषात घेतला जातो आणि त्यावर वाद घालण्याची संधीच नागरिकाला मिळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. द्विमार्गी सारणीतील सीमांत, संयुक्त आणि सशर्त संभाव्यता यांतील भेद हा सूत्रांचा भेद नसून अंश आणि छेद यांचा भेद आहे. ‘गटापैकी मत’ आणि ‘मतापैकी गट’ यांची अदलाबदल ही मतसर्वेक्षणांच्या वाचनातील सर्वांत धोकादायक चूक आहे, कारण तिच्यात आकडे खरे राहतात. एकूण टक्केवारी नमुन्याच्या घडणीवर अवलंबून असते आणि कोकणासारख्या स्थलांतरित प्रदेशात ती सर्वेक्षणाच्या महिन्यावरही अवलंबून राहू शकते. सार्थतेची कसोटी हा सारणीच्या वाचनाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, प्रत्येक द्विमार्गी सारणीखाली ओळीची आणि स्तंभाची अशा दोन्ही टक्केवाऱ्या, त्या कशापैकी आहेत ते स्पष्ट शब्दांत लिहून द्याव्यात. दोन, सर्वेक्षण कोठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी झाले आणि उत्तरदात्यांत स्त्री-पुरुष व स्थानिक-चाकरमानी यांचे प्रमाण काय होते, हे सारणीबरोबरच नोंदवावे. त्या प्रमाणाची तुलना जनगणनेशी करावी. तीन, अनिर्णीत उत्तरे वगळली असल्यास वगळण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे द्यावेत. विद्यार्थी-समाधानाच्या सर्वेक्षणांनाही हे तितकेच लागू आहे. अर्ज भरणाऱ्यांपैकी समाधानी किती, हा एक प्रश्न; प्रवेश घेतलेल्यांपैकी समाधानी किती, हा दुसरा. महाविद्यालये आपल्या अहवालांत ही शिस्त पाळतील, तर विद्यार्थ्यांना ती वेगळी शिकवावी लागणार नाही.

या सूचनांसाठी संगणकाची किंवा प्रगत संख्याशास्त्राची आवश्यकता नाही. भागाकार आणि नेमकी वाक्यरचना एवढे पुरेसे आहे. किनाऱ्यावर यापुढेही प्रकल्प येतील, सर्वेक्षणे होतील आणि ‘बहुसंख्यांचे मत’ म्हणून टक्केवाऱ्या ग्रामसभेपुढे मांडल्या जातील. त्या वेळी सभेतील एखाद्या पदवीधराने उठून ‘हे टक्के कशापैकी?’ असे विचारले आणि सर्वेक्षकाला त्याचे उत्तर द्यावे लागले, तर वर्गात शिकवलेल्या संभाव्यतेचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.